परळचे हाफकिन : एक बाटली, १९ बळी आणि पाच वर्षांचा कलंक

मुंबईला केईएम, टाटा नाहीतर वाडिया हॉस्पिटलला पेशंट घेऊन गेलेलं माणूस प्रत्येक गावात सापडतं. त्याच परळमध्ये, आचार्य दोंदे मार्गावर, झाडांच्या आड एक जुनी दगडी इमारत आहे. पाटी आहे हाफकिन संस्थेची. सर्पदंशाच्या इंजेक्शनमुळे आणि पोलिओच्या डोसामुळे हे नाव खेड्यापाड्यात पोचलं. पण हाफकिन हा माणूस होता, तो कुठून आला, त्यानं आपल्या लोकांसाठी काय केलं आणि त्याच्या वाट्याला काय आलं, हे फार थोड्यांना माहीत आहे.

ओडेसाचा पोरगा

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं. तिथं ज्यूंवर अधूनमधून दंगली घडवल्या जायच्या. कॉलेजात असताना हाफकिन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकॉफ या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. हुशारीत कमी नव्हते, पण ज्यू असल्यामुळे तिथल्या विद्यापीठात पुढची वाट बंद होती.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग पॅरिसला लुई पाश्चर यांची संस्था. तिथं प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागले. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम करायचं. असं करत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९३ साली ते भारतात आले. कलकत्ता, उत्तरेकडची शहरं, लष्कराच्या छावण्या, चहाचे मळे असं फिरत त्यांनी दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना कॉलऱ्याची लस दिली. त्यांची एक अट कायम असायची. लस ज्याला घ्यायची त्यानं राजीखुशीनं घ्यावी, कुणावर जबरदस्ती नको.

मुंबईत गाठीचा ताप

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसं विचित्र तापानं मरू लागली. जांघेत, काखेत गाठ यायची आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचं ओळखलं. मग तो गिरगाव, भायखळा, परळ, लालबाग असा सगळीकडे पसरला. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं, खाली उंदरांची बिळं. उंदीर पटापट मरून पडायचे आणि मागोमाग माणसं.

गिरणीत काम करणारे कोकणातले, घाटावरचे हजारो कामगार पगार सोडून गावाकडे पळाले. रेल्वे आणि बोटी भरभरून चालल्या. त्यांच्या बोचक्याबरोबर रोगही गावात शिरला. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, त्या याच काळातल्या.

सरकारनं घरात घुसून झडत्या घेतल्या, माणसं उचलून छावण्यांत नेली. त्या रागातून पुण्यात २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याआधी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी प्राण सोडला होता. अशा काळात परक्या देशातला, गोऱ्या कातडीचा माणूस सुई घेऊन आला, तर लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवावा, हा साधा प्रश्न होता.

एक खोली, एक व्हरांडा

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून मुंबईला आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. सोबतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर जगातली पहिली प्लेगची लस करायची होती.

त्यांची पद्धत आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी होती. काचेच्या मोठ्या चंबूत मांसाचा पातळ रस्सा घ्यायचा. हिंदूंना गाईचं आणि मुसलमानांना डुकराचं मांस चालणार नाही, म्हणून त्यांनी बोकडाचं मांस वापरलं. वर तुपाचे थोडे थेंब सोडायचे. मग प्लेगचे जंतू त्यात घालून चंबू न हलवता आठवडेच्या आठवडे ठेवायचा. तुपाच्या थेंबाला धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, वडाच्या पारंब्या लोंबतात तसे. ही पारंबी दिसली की आत प्लेगचाच जंतू आहे, दुसरा कुठला शिरलेला नाही, याची खूण मिळायची.

पुढचं काम जंतू मारण्याचं. चंबू तासभर ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. मग त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, शेकडा अर्धा भाग एवढंच. हे ॲसिड म्हणजे राखणदार. चुकून बाहेरचा जंतू आत आलाच, तर त्यानं तो वाढू द्यायचा नाही. शेवटी लस छोट्या बाटल्यांत भरून बूच लावून बंद करायची.

तीन महिने रात्रंदिवस काम चाललं. हाताखालची माणसं थकून गेली, काहींनी काम सोडलं. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःच्या अंगात घेतली, तीही नंतर लोकांना दिलेल्या डोसापेक्षा बरीच मोठी. ताप आला, अंग दुखलं, पण ते कामावर उभे राहिले.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या राजी असलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीचे तसेच राहिले. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मेलं कुणीच नाही.

गावात घेतलेली परीक्षा

लोकांचा विश्वास हळूहळू बसला. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी सगळ्यांसमोर दंड पुढे केला आणि लस घेतली. मग त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. माझगावचा आपला बंगलाही त्यांनी लस बनवायला दिला.

१८९८ साली बडोद्याजवळच्या उंधेरा गावात हाफकिन यांनी एक परीक्षा घेतली. गावात प्लेग चालू होता. प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसं लसीसाठी घेतली, निम्मी तशीच ठेवली. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, अन्नपाणी तेच, फरक फक्त लसीचा. ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथला हिशेब असा निघाला. लस घेतलेले ७१ जण, त्यांतले ८ आजारी पडले, ३ मेले. लस न घेतलेले ६४ जण, त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस शंभर टक्के वाचवत नव्हती, पण फरक कुणाच्याही डोळ्यांना दिसेल असा होता.

मागणी वाढली, जागा पुरेना. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर पूर्वी तिथं राहायचे. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी त्या बंगल्यात कॉलऱ्यानं गेली, त्यानंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. साथीनं रिकामा झालेला बंगला साथीविरुद्धच्या कामाला लागला.

मागणी वाढली, पद्धत बदलली

१९०२ साली पंजाबात प्लेगनं कहर केला. तिथल्या सरकारनं मोठ्या प्रमाणावर लस टोचायचं ठरवलं आणि परळकडे भरमसाट मागणी आली. रस्सा आणि तुपाच्या पद्धतीला आठवडे लागायचे. म्हणून हाफकिन यांनी वेगाची पद्धत घेतली. जंतू आगर नावाच्या घट्ट जेलीवर वाढवायचे, पाण्यानं धुऊन काढायचे आणि तापवून मारायचे. या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड घातलं जात नव्हतं. उष्णतेनं मारलेली लस स्वच्छच असते आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही ॲसिडशिवाय काम होतं, असा त्यामागचा विचार होता.

विचार चुकीचा नव्हता. पण राखणदार काढून घेतला की दाराची कडी फार घट्ट लावावी लागते, परळला बाटली भरतानाही आणि गावात ती उघडतानाही.

३० ऑक्टोबर १९०२, मुलकोवाल

पंजाबातलं मुलकोवाल हे गाव आज पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबरला तिथं लस टोचणी झाली. १०७ लोकांनी लस घेतली, पाच बाटल्या वापरल्या. आठवडाभरात त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळले, अंग धनुष्यासारखं वाकलं. धनुर्वात. १९ पैकी एकही वाचला नाही.

त्या सगळ्यांना ५३-एन या एकाच बाटलीतून लस दिली होती. बाकी चार बाटल्यांतल्या लोकांना काहीही झालं नाही. ही बाटली परळला ४१ दिवस आधी तयार झाली होती.

मरणारे लोक साधे गावकरी होते. सरकारवर, डॉक्टरवर भरवसा ठेवून त्यांनी हात पुढे केला होता. या गोष्टीतला सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्यावर झाला, हे आधी लक्षात ठेवलं पाहिजे. हाफकिन यांच्यावर काय गुदरलं ते त्यानंतर.

दोष कुणाचा?

सरकारनं चौकशी समिती नेमली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स तिचे प्रमुख होते. समितीचा निष्कर्ष असा निघाला, की धनुर्वाताचा जंतू बाटली गावात उघडण्याआधीच आत होता. म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक ॲसिड वगळलं, हा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केलं गेलं, पगार थांबला. १९०४ साली ते इंग्लंडला निघून गेले. ज्या प्रयोगशाळेचा पाया त्यांनी एका व्हरांड्यात घातला, तिचं दार त्यांना बंद झालं.

पण चौकशीच्या कागदांतच काही गोष्टी दडलेल्या होत्या. ५३-एन उघडताना मदतनिसाच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो जाळावर धरून तापवला नाही, नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून घेतला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं.

धनुर्वाताचा जंतू राहतो कुठं? मातीत, शेणात. म्हणून तर शेतात पाय कापला, खिळा घुसला की इंजेक्शन घ्यायला सांगतात. या जंतूचं बीज एवढं चिवट असतं, की साध्या उकळीनंही त्याचा भरवसा धरता येत नाही. जमिनीवर पडलेल्या चिमट्याला ते चिकटणं अगदी सहज शक्य होतं, आणि कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुडवल्यानं ते मरत नाही.

दुसरी गोष्ट वासाची. जंतू ४१ दिवस बाटलीत वाढत राहिला असता, तर बाटली उघडताच घाण वास यायला हवा होता. टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आलेला नव्हता.

मलेरिया डासांमुळे पसरतो हे भारतातच सिद्ध करून १९०२ चं नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूनं उभे राहिले. त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रांमागून पत्रं लिहिली. १९०७ च्या जुलैत दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र त्याच वर्तमानपत्रात छापून आलं. परळचा दोष सिद्ध झालेलाच नाही, असं त्या सगळ्यांचं मत होतं. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारनं त्यांच्यावरचा ठपका मागे घेतला. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवल्याचं प्रकरण तेव्हा गाजत होतं. हाफकिन यांच्या या हालांना लोक छोटं ड्रायफस प्रकरण म्हणू लागले.

यात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी खरी राहते. चूक गावात झाली असली, तरी बाटलीत कार्बोलिक असतं तर जंतूला थोडा अडसर झाला असता. आणि कार्बोलिक नसलं, तरी चिमटा जाळावर धरला असता तर १९ माणसं बहुतेक वाचली असती. अपघात बहुधा असाच होतो, एक कडी सुटते आणि दुसरी आधीच सैल असते.

नाव मिळालं, काम गेलं

हाफकिन १९०७ साली भारतात परत आले, पण परळला नाही. कलकत्त्यात जागा मिळाली, तीही लस बनवायची नाही, माणसांवर चाचणी करायची नाही, या अटीवर. ज्याच्या हातात कला आहे त्याला हत्याराला हात लावू नको म्हणण्यासारखं हे होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं त्यांनी धर्माच्या अभ्यासात काढली आणि आपली कमाई ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवली.

परळला मात्र लस बनत राहिली. १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस मुंबईहून बाहेर गेले. १९२५ साली प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आलं. तेव्हा ते हयात होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. १९६४ साली भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आज बाटली कशी भरतात

मुलकोवालसारख्या घटनांतून औषध उद्योग शिकत गेला. आज इंजेक्शनची बाटली, म्हणजे व्हायल, भरण्याची खोली वेगळीच दुनिया असते. काचेच्या बाटल्या आधी धुतात आणि मग २५० अंशांच्या वर तापलेल्या बोगद्यातून पुढे सरकवतात. रबरी बुचं प्रेशर कुकरसारख्या मोठ्या यंत्रात, ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांच्या वाफेत शिजवतात. धनुर्वाताचं बीज या वाफेपुढे टिकत नाही. लस किंवा औषध तापवून चालणार नसेल, तर ते अतिबारीक भोकांच्या गाळणीतून गाळतात.

बाटली भरते तिथं वरून गाळलेली हवा सारखी खाली वाहत असते, म्हणजे धूळ बाटलीत पडायच्या आधीच बाजूला ढकलली जाते. आत काम करणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो. तो भरभर हालचाल करत नाही, कारण माणूस हाच खोलीतला सगळ्यात मोठा घाणीचा स्रोत. काही खाली पडलं, तर ते उचलून परत वापरायचं नाही, हा पहिला नियम.

आणखी एक परीक्षा असते. ठराविक काळानं औषधाऐवजी जंतूंना आवडणारा रस्सा बाटल्यांत भरतात आणि १४ दिवस ठेवून बघतात. एखादी बाटली गढूळ झाली, तर भरताना कुठंतरी जंतू शिरला असं समजतं आणि तपास सुरू होतो. जंतू वाढवायला हाफकिन यांनी वापरलेला रस्साच आज जंतू पकडायचं जाळं झाला आहे.

गावात लक्षात ठेवायच्या गोष्टी

कारखान्यात कितीही काळजी घेतली, तरी शेवटची कडी गावातच असते. बाटली उघडते ती उपकेंद्रात, अंगणवाडीत किंवा डॉक्टरच्या टेबलावर. म्हणून लस किंवा इंजेक्शन घेताना या गोष्टी बघायला आणि विचारायला कुणीही लाजू नये.

बाटलीचं सील समोर उघडलं का आणि सुई नवीन पाकिटातली आहे का, हे बघावं. बाटलीवरची मुदत वाचावी. औषध नेहमी स्वच्छ दिसतं, पण आता गढूळ वाटतंय किंवा आत काही तरंगतंय, तर सिस्टरला लगेच दाखवावं. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली एकदा पाणी घालून कालवली, की चार तासांनंतर वापरत नाहीत. उरलेली लस सिस्टर टाकून देतात तेव्हा ती नासाडी वाटते, पण त्यात जंतू मारणारं राखणदार औषध नसतं, म्हणून तो नियम आहे. अशा वेळी उरलेली लस आमच्या पोराला द्या, असा हट्ट धरू नये.

आणि बाळाच्या लसीकरणाचं कार्ड जपून ठेवावं. मुलकोवालला १९ जण एकाच बाटलीतले होते हे कळलं, कारण बाटलीवर ५३-एन हा नंबर होता आणि कुणाला कुठल्या बाटलीतून लस दिली याची नोंद होती. तो नंबर आणि ती नोंद नसती, तर पाचही बाटल्यांवर संशय आला असता, आणि लसीवरचा सगळ्यांचा विश्वास कायमचा उडाला असता.